खोट नाही

माझ्या दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना पासपोर्टचा फोटो हवा असतो आणि काढून दिला की आवडत नाही. दुसरी, ज्यांना कॅमेरा घ्यायचा नसतो, पण त्याबद्दल सगळं ऐकायचं असतं. तासभर माझं डोकं खायचं, चार कॅमेरे हाताळायचे, 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि दाराबाहेर पडल्या पडल्या मोबाइलवरून घरपोच मागवायचा. अशांना मी आता बसायला स्टूलही देत नाही. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना या दुसऱ्या खात्यात टाकलं आणि उभंच ठेवलं.

अण्णा हे तोंडावर. पाठीमागे सगळे त्यांना खुसपट म्हणत. माझा थोरला भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात पॅकिंगला होता, त्यामुळे ही कीर्ती मला आधीपासूनच ठाऊक होती. कारखान्यात तपासणीच्या टेबलावर या माणसाची उभी हयात गेली. समोर पांढरा दिवा, दिव्यापुढून सरकत जाणाऱ्या बाटल्या आणि डोळ्यात तेल घालून बसलेले अण्णा. काचेत बुडबुडा दिसला, गळ्यावर चरा दिसला, बुडाला केसाएवढा तडा दिसला की बाटली उचलायची आणि मागच्या पिंपात फेकायची. त्याला ते 'खोट काढणं' म्हणत. बाकीच्यांची नोकरी संध्याकाळी संपायची, अण्णांची घरीही चालू राहायची. बायकोने लावलेलं बटण, सुताराने बसवलेलं दार, शेजाऱ्याने आणलेला जावई, सगळं त्या दिव्यापुढून जायचं.

'छान', 'सुंदर' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. फारच झालं तर म्हणायचे, खोट नाही. मुलगा शाळेत पहिला आला, मार्कांचा कागद खिडकीजवळ नेऊन उजेडात वाचला आणि म्हणाले, खोट नाही. पोरगं त्या दोन शब्दांवर वर्षभर हवेत होतं म्हणे. बायको गेली तेव्हा माझा भाऊ तिथेच होता. अण्णा रडले नाहीत. भेटायला आलेल्या माणसांसमोर एकदाच म्हणाले, 'बाईत खोट नव्हती.' लोकांनी एकमेकांकडे बघितलं. आता याला काय म्हणावं, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

तर असा हा माणूस माझ्या काउंटरसमोर उभा राहिला आणि म्हणाला, लांबचं जवळ दिसेल असा कॅमेरा दाखवा. खिशात मावला पाहिजे, लेन्स बदलायची भानगड नको, सगळं एकातच हवं.

मी एक काढून दिला. त्यांनी तो सुरूही केला नाही. आधी टेबललॅम्पखाली धरला आणि पुढच्या काचेकडे तिरक्या नजरेने बघत राहिले. मग म्हणाले, आत धुळीचा कण आहे. मी भिंग लावून बघितलं. होता. मला भयंकर राग आला, कारण त्या कणाने फोटोला काडीचाही फरक पडत नाही आणि हे मी समजावून सांगितलं तर हा माणूस ऐकणार नाही, हे मला दिसत होतं.

मग ते येतच राहिले. दुपारी, दुकानात कोणी नसतं तेव्हा. रस्त्यापलीकडे औषधांचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर अगदी खाली, बारीक अक्षरात एक ओळ आहे. माझ्या दारात उभं राहायचं, कॅमेऱ्याची लेन्स पूर्ण बाहेर काढायची, त्या ओळीचा फोटो घ्यायचा आणि मग आत येऊन तो फोटो मोठा करत करत प्रत्येक अक्षराची कड तपासायची, असा त्यांचा कार्यक्रम. इथे कड फुटतेय. इथे जांभळी झाक आहे. या कॅमेऱ्यात 'श' वाचता येतो पण 'ष' असेल तर कळणार नाही. औषधवाल्याला वाटलं मी त्याच्यावर पाळत ठेवतोय. त्याने एकदा येऊन विचारलंही.

मी त्यांना डिजिटल झूम म्हणजे काय ते सांगितलं. तो झूमच नव्हे, कॅमेरा आहे तेच चित्र ताणून मोठं करतो, रबरासारखं. खरा झूम भिंगांचा, काच पुढेमागे सरकते तो. हे ऐकून पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावरची आठी गेली. 'म्हणजे काचेचं काम आहे,' म्हणाले, आणि त्या दिवशी मी त्यांना स्टूल दिलं.

मोबाइलवर का काढत नाही, असं मी विचारलं होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून दूरच्या माणसाचा एक फोटो दाखवला. चेहऱ्याची नुसती लापशी झाली होती, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. वर तो मोबाइल चेहरे आपणहून गुळगुळीत करत होता. 'हा खोट लपवतो,' अण्णा म्हणाले, एखादा माणूस चोर आहे असं सांगावं तसं. मग दुर्बीण घ्या, मी म्हटलं, स्वस्तात पडेल. तर म्हणाले, दुर्बिणीत क्षणभर दिसतं आणि जातं. मला टेबलावर ठेवून सावकाश बघायचंय.

'पण बघायचंय काय?' मी शेवटी वैतागून विचारलं.

'पक्षी,' म्हणाले.

'कुठला?'

'चिमणी.'

चिमणीसाठी तीसपट झूम? मी म्हटलं, अण्णा, ताकाला जाऊन भांडं लपवू नका. तीन महिने तुम्ही माझं दुकान झिजवताय. मग हातातल्या कॅमेऱ्याची दोरी बोटाला गुंडाळत त्यांनी सांगितलं, की ती चिमणी म्हणजे त्यांची नात आणि तिचा डावा डोळा बघायचाय.

नात जन्मली तेव्हा ते इस्पितळात बघायला गेले होते. सुनेने मोठ्या कौतुकाने बाळ त्यांच्या हातात दिलं. आता हातात काही आलं की दिव्याखाली न्यायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी बाळाला खोलीतल्या ट्यूबलाइटखाली नेलं, इकडून तिकडून बघितलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, 'डाव्या डोळ्यात खोट आहे.'

बुबुळ जरा नाकाकडे सरकल्यासारखं वाटलं होतं, एवढंच. डॉक्टरला दाखवून घ्या असं म्हणायचं होतं. पण ज्या आईला मूल होऊन दोन दिवस झालेत, तिला 'खोट' ऐकू आली. पिंपात फेकायच्या बाटलीला लावायचा शब्द तिच्या पोरीला लावला. ती जी रडायला लागली ती थांबेना. मुलगा म्हणाला, बाबा, शब्द मागे घ्या. अण्णा म्हणाले, घेतो, पण डोळा पुन्हा एकदा नीट बघू दे. न बघता मी आजवर काही पास केलेलं नाही. मुलाने त्यांना दाराबाहेर काढलं आणि सांगितलं, शब्द मागे घेतल्याशिवाय पोरीचं तोंड दिसणार नाही.

झालं. बघितल्याशिवाय हे शब्द मागे घेणार नाहीत आणि शब्द मागे घेतल्याशिवाय तो बघू देणार नाही. काट्याचा नायटा झाला. मूल रांगलं, चाललं, शाळेत जायला लागलं, आणि अण्णा त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे, एकटे. नात दिसायची ती लांबूनच, बापाचं बोट धरून जाताना.

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अहो, खोटंच म्हणा की, चुकलो म्हणून! जातंय काय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना फुटकी बाटली खोक्यात भरायला सांगितली होती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, ते मी माझ्या स्टुलावर बसलेलं बघत होतो.

'मला नीट बघू दे,' ते म्हणाले. 'खोट नसेल तर मी स्वतः त्याच्या दारात जाईन. सुनेची, पोरीची, सगळ्यांची माफी मागेन. पण आधी बघेन.'

मला हसावं की त्यांना हाकलावं ते कळेना. पण त्या दिवसानंतर मी कॅमेरे दाखवताना मन लावून दाखवायला लागलो, हेही खरं.

शेवटी दोन उरले. एक जाडजूड, साठपट झूमचा, पण धरला की विटेएवढा. दुसरा तीसपट, कोटाच्या खिशात जाणारा, आणि त्याला डोळा लावून बघायची छोटी खिडकी. मी साठवाला सुचवला. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि छोटा निवडला. उन्हात मागचा पडदा दिसत नाही, खिडकीतून दिसतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे मोठा घेऊन रस्त्यात उभं राहिलं तर लोक बघतील, म्हणाले. एवढा बारीक विचार त्यांनी केला होता. फक्त लोक छोट्या कॅमेऱ्याकडेही बघतात, हे त्यांच्या तपासणीतून निसटलं, आणि माझ्याही.

मी त्यांना सगळं लावून दिलं. डिजिटल झूम बंद. चेहरा गुळगुळीत करायची सोय बंद. थोडा वेळ हात लावला नाही की कॅमेरा आपोआप बंद होतो, तेही त्यांनी बंद करायला लावलं. वाट बघताना नेमका मध्येच मिटायला नको, म्हणाले. भिंतीला टेकायचं, श्वास सोडायचा, मग बटण दाबायचं, हे मी शिकवलं. कॅमेऱ्याबरोबर देतो त्या दोरीच्या पिशवीवर आमच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर छापलेला असतो. निघताना त्यांनी विचारलं, फोटो आले की तुमच्याकडच्या मोठ्या पडद्यावर बघता येतील ना? म्हटलं, या की.

ते आले नाहीत. आला तो शाळेचा फोन.

मुख्याध्यापिकाबाई बोलत होत्या. एक म्हातारा शाळेच्या जाळीपलीकडे उभा राहून मुलींचे फोटो काढताना सापडलाय, नाव-पत्ता सांगत नाही, पिशवीवर तुमचा नंबर आहे, त्याला ओळखता का? मी शटर अर्धं ओढलं आणि धावत गेलो.

बाईंच्या खोलीत अण्णा एका लहान मुलांच्या खुर्चीत बसले होते, गुडघे छातीला लागलेले. रखवालदार दाराशी. कॅमेरा टेबलावर, लेन्स बाहेर आलेली. बाईंनी मला फोटो दाखवले आणि मी खरं सांगतो, मीही अण्णांच्या खुर्चीपासून एक पाऊल मागे सरकलो. मला सगळं माहीत असूनसुद्धा. मैदानात खेळणारी एकच मुलगी. तीच मुलगी जवळून. तिचा चेहरा. मग नुसते डोळे. मग एकच डोळा, पडदाभर. ज्याला माहीत नाही त्याने याचा काय अर्थ लावायचा? बाईंना मी दोष देणार नाही. अशा वेळी जी शाळा हात बांधून बसेल, तिथे मी माझं मूल घालणार नाही. त्यांनी पोलिसांना कळवायच्या आधी मुलीच्या वडिलांना बोलावलं होतं, हेच पुष्कळ.

मी अण्णांकडे वाकून हळूच विचारलं, गप्प का बसलात, आजोबा आहे म्हणून सांगायचं. ते म्हणाले, 'तो येईल ना, तो सांगेल.'

आणि या सगळ्यात त्यांचा चेहरा कसा होता सांगू? असा मी तो कधीच बघितला नव्हता. आठ्या नाहीत, काही नाही. चोरासारखा पकडून आणलेला माणूस, पण तोंडावर समाधान मावत नव्हतं.

मुलगा आला. कामावरून तसाच आला होता, गळ्यात ओळखपत्र. दारातच थांबला. बापलेकांचं कपाळ एक, कान एक, उभं राहताना एक खांदा खाली टाकायची लकबही एक. बाईंनी विचारलं, यांना ओळखता का?

त्याने अण्णांकडे बघितलं. मग टेबलावरचा कॅमेरा उचलला, एकेक फोटो पुढे सरकवत गेला. त्या डोळ्यावर येऊन थांबला. कॅमेरा खाली ठेवला.

'ओळखतो,' म्हणाला. 'पोलीस वगैरे नको.'

'तुमचे कोण लागतात?'

'लांबचे आहेत.'

मी तोंड उघडणार होतो. म्हणणार होतो, बाई, जरा या दोघांची कपाळं बघा. पण अण्णांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून बाटल्या उचलायची ताकद होती.

'बरोबर आहे, बाई,' ते म्हणाले. 'लांबचाच आहे मी.'

मग त्या ठेंगण्या खुर्चीतून ते उठले. उठायला वेळ लागला, मुलाने हात पुढे केला नाही. त्याच्यासमोर उभे राहिले आणि जे सांगायला इतकी वर्षं थांबले होते ते त्यांनी सांगितलं. सगळं, एका दमात, जसं त्यांना सांगता येत होतं तसं.

'डोळ्यात खोट नाही. मी नीट बघितलं. उजेडात बघितलं. दोन्ही डोळ्यांत खोट नाही.'

मुलाचा चेहरा दगडासारखा झाला. तो बाईंकडे वळला. 'ऐकलंत? अजून तोच शब्द,' म्हणाला. आणि मला म्हणाला, दुकान तुमचं ना, हे सगळे फोटो पुसून टाका, माझ्यासमोर.

मी पुसले. सगळे पुसायचे का, असं तो कॅमेरा विचारतो. हो म्हटलं की, नक्की का, असंही विचारतो. एवढी चौकशी त्या खोलीत दुसऱ्या कोणी केली नाही. पुसण्याआधी शेवटचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर होता. त्यात ती पोरगी कपाळावर आडवा हात धरून सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, पलीकडे कोण उभं आहे ते ओळखायचा प्रयत्न करत. डोळे अगदी सरळ. मी काही तज्ज्ञ नाही, पण खोट नव्हती.

रस्त्यावर आल्यावर माझा तोल गेला. म्हटलं, अहो, जन्मात एक संधी आली, मुलगा समोर उभा होता, आणि तुम्हाला माफीचा साधा एक शब्द काढता आला नाही?

ते थांबले. त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं. 'मागितली की,' म्हणाले. 'खोट नाही म्हटलं ना.'

मला त्या माणसाची कीव आली आणि संतापही आला. पण त्याहून जास्त संताप मला त्या मुलाचा येतो, अजून येतो. मी परका, मला कळायला वेळ लागला. तो त्याच घरात वाढला. मार्कांचा कागद उजेडात धरून बापाने म्हटलेल्या ज्या दोन शब्दांवर तो वर्षभर उड्या मारत होता, तेच दोन शब्द बापाने त्याच्या पोरीसाठी त्याच्यापुढे ठेवले होते. त्याला ते कळले नाहीत, यावर माझा विश्वास नाही. त्याला कळले आणि त्याने ते घेतले नाहीत. हे कोणाला पटो न पटो.

काही दिवसांनी अण्णा दुकानात आले. कॅमेरा हातात, लेन्स तशीच बाहेर. आत जात नाही, म्हणाले. शाळेतून गेल्यापासून त्यांनी तो बंदच केला नव्हता. घरी टेबलावर ठेवून दिला होता. आपोआप बंद व्हायची सोय आम्ही काढून टाकलेली, त्यामुळे बॅटरी संपली आणि लेन्स बाहेरच्या बाहेर राहिली. मी चार्ज केलेली बॅटरी घातली, बटण दाबलं. घूं करून लेन्स आत गेली.

त्यांना स्टुलावर बसवलं आणि मी आवाज खाली आणून सांगितलं, की पुसलेले फोटो खरं तर लगेच जात नाहीत. कार्डावर नवीन काही काढलेलं नसेल तर मी ते परत आणून देतो. माझ्याकडे त्याची सोय आहे. मोठ्या पडद्यावर बघू, हवे तर कागदावर छापून देतो, कोणाला सांगायची गरज नाही.

मला वाटलं होतं, म्हातारा रडेल तरी, नाही तर माझा हात धरेल.

'नको,' ते म्हणाले. 'बघून झालं. पास केलेली बाटली परत टेबलावर घेत नाहीत. ती पुढे जाते.'

मग त्यांनी कॅमेरा माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या कोणाला हवा असेल तर द्या, म्हणाले, मला आता लांबचं काही बघायचं नाही. माझ्या मागे पाटी आहे, विकलेला माल खोट असल्याशिवाय परत घेतला जाणार नाही. त्यांनी ती वाचली. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, लेन्स अडकते, घ्या परत. अण्णांनी कॅमेरा पुन्हा उचलला, दिव्याखाली धरला, पुढची काच इकडून तिकडून बघितली.

'कॅमेऱ्यात खोट नाही,' म्हणाले. 'पैसे देऊ नका. नुसता ठेवून घ्या.'

आणि ते गेले. दारातून बाहेर पडताना औषधवाल्याच्या पाटीकडे त्यांनी बघितलंही नाही.

तो कॅमेरा माझ्या कपाटात आहे, कार्डासकट. कार्डावर मी नवीन काही काढलेलं नाही, जुनं काही परत आणलेलं नाही. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक येतं, खिशात मावणारा, लांबचं जवळ दाखवणारा एखादा आहे का विचारतं. मी सांगतो, नाही.